2030 चे कॉमनवेल्थ गेम्स आणि आपली घरची टीम: गावातून येणारे सगळे प्रश्न

अहमदाबादचं नक्की झालं तेव्हापासून आमच्या मैदानावर, टपरीवर, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते प्रश्न येऊन राहिलेत. मी संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना पळवतो म्हणून सगळे मलाच विचारतात, तर एकदाच बसून लिहून टाकतो. प्रश्न जसे आले तसेच आपल्या बोलीत ठेवलेत.

सर, हे 2030 चं नेमकं काय हाय? ऑलिम्पिक हाय का?

नाही. हे कॉमनवेल्थ गेम्स, म्हणजे राष्ट्रकुल स्पर्धा. पूर्वी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेले बरेचसे देश यात खेळतात, म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, केनिया, जमैका, आपण, आणि इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्स वेगवेगळे. चीन, जपान, अमेरिका यात नसतात. 26 नोव्हेंबर 2025 ला ग्लासगोमधल्या सभेत 2030 चं यजमानपद अहमदाबादला दिलं. पहिली स्पर्धा 1930 ला कॅनडातल्या हॅमिल्टनला झाली होती, म्हणून 2030 ला बरोबर शंभर वर्ष. 2036 च्या ऑलिम्पिकसाठी भारताने इच्छा कळवली आहे पण ते वेगळं प्रकरण आहे, दोन्ही मिसळू नका.

यजमान देशाची टीम म्हणजे काही वेगळी रायते का? आपलीच टीम ना ते?

आपलीच, पण मोठी. हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. बाहेर देशात खेळायला जाताना पात्रता, रँकिंग, खर्च, कोटा या सगळ्याच्या चाळणीतून थोडेच लोक पुढं जातात. घरी खेळ असला की चाळणीची भोकं मोठी होतात, टीम गेम्समधे तर यजमानाला बहुतेक वेळा थेट जागा असते. पॅरिस 2024 मधे फ्रान्सच्या हॉकी टीम यजमान म्हणूनच खेळल्या. म्हणजे एरवी जी पोरं टीव्हीवर पाहत बसली असती त्यांच्यापैकी काही जण मैदानात असतात. दुसरं म्हणजे सरकार आणि फेडरेशन चार-पाच वर्ष आधीपासून अशा खेळांवर पण पैसा लावतात ज्यांच्याकडे एरवी कोणी पाहत नाही.

मानाचं पण आहेच. उद्घाटनाच्या संचलनात यजमान सगळ्यात शेवटी येतो. 2010 ला दिल्लीत अभिनव बिंद्रा तिरंगा घेऊन पुढं होता आणि आख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं.

डायरेक्ट एन्ट्री भेटली तरी उपयोग काय, हरायलेच जायचं ना?

लॉन बॉल्सचं ऐका मग. हिरवळीवर मोठा बॉल घरंगळत नेऊन छोट्या पांढऱ्या बॉलजवळ थांबवायचा असा हा खेळ. आपल्याकडे 2010 च्या आधी याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, यजमान होतो म्हणून दिल्लीत भारत पहिल्यांदा उतरला. तेव्हा पदक नाही आलं, पण हिरवळ तयार झाली, फेडरेशन कामाला लागलं, काही बायापोरी त्या खेळात टिकून राहिल्या. 2022 ला बर्मिंगहॅममधे लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी फायनलमधे दक्षिण आफ्रिकेला 17-10 ने हरवून गोल्ड आणलं. लवली झारखंड पोलिसात, पिंकी दिल्लीच्या शाळेत खेळाची मास्तरीण. वयाने पण काही कोवळ्या नव्हत्या. बारा वर्ष लागली, पण दार उघडलं ते घरच्या स्पर्धेने.

कबड्डीचं पण तसंच. 1982 च्या दिल्ली एशियाडमधे, म्हणजे आशियाई स्पर्धेत, आपण ती नुसती दाखवण्यापुरती ठेवली, पदक नव्हतं. 1990 ला बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला. आणि आपल्या विदर्भाने तर याची सुरुवात त्याच्याही आधी केली, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं कबड्डी करून दाखवली होती. अमरावतीला जाणं झालं तर ती संस्था पोरांना जरूर दाखवा.

घरच्या मैदानाचा खरंच फायदा होते का, का उगाच म्हणतेत?

होतो, ऑलिम्पिकचे आकडेच बोलतात. ब्रिटनला 2008 ला 19 गोल्ड, लंडनला घरी 2012 ला 29. जपानला रिओत 12, टोकियोत 27. फ्रान्सला टोकियोत सगळी मिळून 33 पदकं, पॅरिसला घरी 64.

कारणं साधी आहेत. प्रवास नाही, जेवण आपलं, हवामान आपलं, झोप बिघडत नाही. आणि त्याच मैदानावर आधी सराव झालेला असतो, हा मुद्दा आपल्या पोरांना पटकन कळतो. आमच्याकडे शाळेमागच्या पडीक जागेत फक्कीने 200 मीटरचा ट्रॅक आखलेला आहे, पावसाळ्यात अर्धा वाहून जातो. आमची एक पोरगी पहिल्यांदा विभागाच्या स्पर्धेला गेली आणि सिंथेटिक ट्रॅक पाहून खाली बसून हातानं दाबून पाहत होती, चप्पल काढून ठेवायची का म्हणून विचारत होती. उधारीचे स्पाइक्स घालून पळाली तर पहिल्या वळणावर पायच अडकल्यासारखे झाले, कारण त्या ट्रॅकवर पाय कसा उचलायचा हे तिच्या अंगात नव्हतंच. बाजूच्या लेनमधली पोरगी रोज तिथंच सराव करणारी. दोघींच्या दमात फरक नव्हता, फरक मैदानाच्या सवयीचा होता. देशाच्या पातळीवर पण हेच घडतं, फक्त मोठ्या प्रमाणात.

पण आपोआप काही होत नाही. कॅनडाने 1976 ला मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक भरवलं आणि घरी एकसुद्धा गोल्ड आलं नाही. नंतर त्यांनी हिवाळी स्पर्धेसाठी मुद्दाम तयारीचा कार्यक्रम आखला, पैसा लावला, आणि 2010 ला व्हँकुव्हरला 14 गोल्ड घेऊन सगळ्या देशांच्या पुढं राहिले.

घरच्या लोकांचं प्रेशर नाई येत का?

येतं ना. 2008 ला बीजिंगला चीनचा लिऊ शियांग, अडथळ्यांच्या शर्यतीतला ऑलिम्पिक विजेता, पाय दुखत असताना ट्रॅकवर आला, दुसऱ्याच कोणाचा तरी फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे तो इशाऱ्याआधीच सुटला, आणि तेवढ्या दोन पावलात त्याला कळलं की जमणार नाही. तो वळून आत निघून गेला, आख्खं स्टेडियम सुन्न. याच्या उलट सिडनीला 2000 मधे कॅथी फ्रीमन, तिच्यावर सगळ्या ऑस्ट्रेलियाचा भार आणि तिने 400 मीटर 49.11 सेकंदात जिंकली. प्रेशर सगळ्यांना येतं, ते पेलायची सवय लागते, आणि ती सवय गावच्या जत्रेतल्या शर्यतीपासून लावता येते. म्हणून आपल्या पोरांची शर्यत असली की गाव जमू द्या, ओरडू द्या.

दिल्लीच्या 2010 च्या खेळात आपल्या टीमनं काय केलं होतं? आम्हाले त घोटाळेच आठवते.

घोटाळ्याच्या बातम्या खूप चालल्या, स्पर्धेच्या तोंडावर मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला, या सगळ्याचा राग लोकांना होता आणि तो बरोबरच होता. पण त्या गडबडीत खेळाडूंनी काय केलं ते झाकलं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

3 ते 14 ऑक्टोबर. म्हणजे आपल्याकडे सोयाबीन काढणीचे दिवस, वर लोडशेडिंग. दिवसभर वावरात आणि संध्याकाळी लाईट असली तर टीव्ही, असं आम्ही ते पाहिलं. 11 तारखेला बायकांची थाळीफेक होती. कृष्णा पूनियाने 61.51 मीटर फेकली, गोल्ड. सिल्व्हर हरवंत कौर, ब्राँझ सीमा अंतिल. तिन्ही पदकं आपली, तीन तिरंगे एकाच वेळी वर चाललेले. मिल्खा सिंगने 1958 ला कार्डिफला गोल्ड घेतलं होतं, त्यानंतर 52 वर्षांनी ॲथलेटिक्समधे गोल्ड आलं ते हे. आणि कृष्णा तेव्हा एका मुलाची आई होती.

दुसऱ्या दिवशी बायकांची 4 गुणिले 400 रिले. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर. अश्विनी तिसऱ्या टप्प्यात ज्या ताकदीने पुढं निघाली ना, आमच्या इथं खाटेवर बसलेले म्हातारे पण उठून उभे राहिले होते. नायजेरिया मागं, इंग्लंड मागं.

आपल्या महाराष्ट्राच्या पण होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत 10,000 मीटरला ब्राँझ घेऊन आली. पुण्याची अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत यांनी मिळून पिस्तुलात गोल्ड मारलं. शेवटच्या दिवशी हॉकीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला 8-0 असं धुतलं, ते फार लागलं, पण त्याच दिवशी बॅडमिंटनला ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा जिंकल्या आणि सायना नेहवालने पहिला गेम हरून, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून फायनल काढली. ते आपलं 38 वं गोल्ड. इंग्लंडचे 37. त्या एका मॅचने आपण दुसऱ्या नंबरवर गेलो, पहिला ऑस्ट्रेलिया. एकूण पदकं 101, त्याच्या आधीच्या मेलबर्नला 50 होती.

मग त्याच्यानंतर काहून घसरलो?

2014 ला ग्लासगोला 15 गोल्ड, एकूण 64. लोक म्हणतात टीम बिघडली, ते अर्धंच खरं आहे. यजमान देशाला कोणते खेळ ठेवायचे यात बराच हात असतो. दिल्लीत आपण तिरंदाजी ठेवली होती, ग्रीको-रोमन कुस्ती होती, नेमबाजीत जोडीचे प्रकार होते. ग्लासगोला हे तिन्ही नव्हते. म्हणजे ताटच बदललं. 2026 ला परत ग्लासगोच आहे आणि तिथं फक्त 10 खेळ, हॉकी-कुस्ती-बॅडमिंटन-नेमबाजी काही नाही, त्यामुळे तिथला आपला आकडा कमी दिसला तर घाबरू नका आणि पोरांसमोर खेळाडूंना नावं ठेवू नका.

उरलेलं अर्धं खरं म्हणजे, यजमानपद संपलं की सोबत आलेली शिबिरं आणि कोच पण आटतात. 2030 च्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे, 2031 ला काय?

1951 अन् 1982 ले काय झालं होतं?

थोडक्यात सांगतो. 1951 ला पहिलं एशियाड दिल्लीतच, आपण जपानच्या मागं दुसरे, 15 गोल्ड. पोहण्यात सचिन नाग जिंकला, फुटबॉलमधे इराणला 1-0 ने हरवून गोल्ड, आज ऐकून खरं वाटत नाही. 1982 ला 13 गोल्ड, पाचवा नंबर. हॉकीच्या फायनलला पाकिस्तानने 7-1 ने हरवलं पण बायकांच्या टीमने हॉकीतच गोल्ड घेतलं. वलसम्माने 400 मीटर हर्डल्स जिंकली. आणि 18 वर्षांच्या पी. टी. उषाला दोन सिल्व्हर, पुढं 1986 ला सोलच्या एशियाडला तिने चार गोल्ड आणले. आधीच्या पिढीला मात्र त्यातला शुभंकर अप्पू हत्ती आणि नवा नवा रंगीत टीव्हीच जास्त आठवतो.

2030 ले कोणते खेळ रायतीन? कबड्डी, खोखो असंन का?

पक्के जाहीर झालेले असे: ॲथलेटिक्स, पोहणे, टेबल टेनिस, लॉन बॉल्स, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल, बॉक्सिंग. बाकीचे मोठ्या यादीतून निवडायचे, त्यात तिरंदाजी, हॉकी, कुस्ती, नेमबाजी, बॅडमिंटन, क्रिकेट वगैरे आहेत. शिवाय यजमानाला स्वतःचे दोन खेळ सुचवता येतात. कबड्डी-खोखोची आशा आहे ती तिथंच. खोखोचा पहिला वर्ल्ड कप जानेवारी 2025 मधे दिल्लीत झाला, पोरं आणि पोरी दोन्ही टीम जिंकल्या, दोन्हीचे कॅप्टन महाराष्ट्राचे. त्यामुळे मागणी जोरात करायला हरकत नाही, पण अधिकृत यादी येईपर्यंत कोणी सांगितलं म्हणून पोराचा खेळ बदलू नका.

आपल्या विदर्भाचं कोणी असंन का त्या टीममधे?

नाव आजच सांगणं बरोबर नाही, पण तिरंदाजी ठेवली तर आपला दावा मोठा आहे. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर आणि नागपूरचा ओजस देवतळे, हे दोघं 2023 मधे झालेल्या हांगझोऊ एशियाडच्या गोल्ड जिंकलेल्या कंपाऊंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) टीममधे होते. ओजसने तर तिथं तीन गोल्ड घेतले, त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन पण झाला. बुलढाणा म्हटलं की लोकांना पाणीटंचाई आठवते, आता पोरांना धनुष्य पण आठवतं ही केवढी मोठी गोष्ट आहे. बॅडमिंटनला नागपूरची मालविका बनसोड आहे.

माही पोरगी आठवीत हाय, 13 वर्षाची. तिले 2030 ले खेळता येईन का?

वय तर जमतं, तेव्हा ती 17-18 ची असेल. उषाचं वय वर सांगितलंच. पण खरं सांगतो, थेट भारताच्या टीममधे जाणं फार म्हणजे फारच थोड्यांना जमतं आणि या वयात ती गोष्ट डोक्यावर घेऊन पळवू नका. 2030 पर्यंत ती राज्याच्या शिबिरात पोचली तरी तिच्यासाठी पुष्कळ दारं उघडतात.

रस्ता असा. शाळेकडून शालेय क्रीडा स्पर्धेत नाव घाला, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग नॅशनल. नॅशनल म्हणजे कुठंतरी लांबच असते असं नाही, 2023 च्या डिसेंबरमधे बल्लारपूरजवळ विसापूरच्या तालुका क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या होत्या, आपल्याच मातीत. ॲथलेटिक्सवाल्यांसाठी दुसरी वाट म्हणजे जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेकडून आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धा, ती 14 आणि 16 वर्षाखालच्यांसाठीच असते, लहान गावातली पोरं शोधायलाच ठेवली आहे. त्यासाठी ॲथलेटिक्स फेडरेशनचा यूआयडी, म्हणजे खेळाडूचा नोंदणी नंबर, काढावा लागतो. आणि जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हीवर तारीख एकच पाहिजे. हे आजच घरी जाऊन काढून पाहा, कारण आमच्याकडच्या चांगल्या पळणाऱ्या पोरी निव्वळ तारखेच्या घोळात परत आल्यात. वय चोरायला सांगणारे पण भेटतील, त्यांना उभं करू नका.

क्रीडा प्रबोधिनीच्या (सरकारच्या निवासी क्रीडा शाळेच्या) चाचण्यांची तारीख जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळते. पेपरात येते तेव्हा उशीर झालेला असतो, फोन करून विचारत राहा.

पोरीले चड्डीवर पळवा लागते म्हणून तिची आजी नाई म्हणते. लोक काय म्हणतीन?

आजीला बसवून कृष्णा पूनियाचं सांगा. लग्न झालेलं, लेकरू असलेलं, सासरच्यांच्या पाठिंब्याने खेळली आणि देशासाठी गोल्ड आणलं. हरियाणातल्या बलाली गावची गीता फोगाट, तिनेही 2010 लाच गोल्ड घेतलं, कॉमनवेल्थच्या कुस्तीत गोल्ड घेणारी देशातली पहिली बाई. तिथं पण लोक बोललेच होते. आणि सुरुवातीला ट्रॅक पँटवर पळाली तरी काही बिघडत नाही, पळू तर द्या. एकट्या पोरीला पहाटे रोडवर पाठवू नका मात्र, रेतीचे ट्रक कसे चालतात तुम्हाला माहीत आहे. चार-पाच जणींचा गट करा, सोबत घरचं कोणी मोटरसायकलवर असू द्या.

खायले काय द्यायचं? मेडिकलवाला पावडर घे म्हणते.

ज्वारीची भाकर, वरण, हिरवी भाजी, भिजवलेले शेंगदाणे-चणे, दूध, अंडं चालत असेल तर अंडं. पाणी भरपूर, एप्रिल-मे मधे सकाळी आठनंतर मैदान बंद. पावडर नको. डबा, गोळी, इंजेक्शन, कोणी कितीही जवळचा असला तरी नको. वर सांगितलेल्या रिलेतल्या चौघींपैकी तिघी 2011 ला डोपिंगमधे सापडल्या. त्यांचं म्हणणं होतं की कोचने दिलेल्या सप्लिमेंटमधून ते आलं, तरी बंदी लागलीच, कारण अंगात काय गेलं याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच असते. ज्या पोरींसाठी आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांची ती बातमी वाचताना फार त्रास झाला होता. कफ सिरप घेतानाही डॉक्टरला आधी सांगा की पोरगं स्पर्धेत खेळतं.

आमचा पोरगा एका पायानं अधू हाय. त्याच्यासाठी काही?

आहे. कॉमनवेल्थमधे पॅरा, म्हणजे दिव्यांगांचे, खेळ वेगळे नसतात, त्याच दिवसात, त्याच टीममधे, पदक पण देशाच्या त्याच यादीत. 2010 ला प्रशांत कर्माकरने पोहण्यात ब्राँझ घेतलं, कॉमनवेल्थमधलं पोहण्यातलं भारताचं पहिलं पदक होतं ते. 2030 ला ॲथलेटिक्स, पोहणे, टेबल टेनिस, पॉवरलिफ्टिंग सगळ्यात पॅरा प्रकार आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात त्याच्या नावाने चौकशी करा.

कास्तकार कर्जात हाय अन् सरकार खेळावर पैसा लावते, हे बरोबर हाय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त पटतो आणि मी टाळणार नाही. स्टेडियमच्या रोषणाईवर खर्च होताना आपल्या कापसाला भाव नाही हे दिसतं तेव्हा चीड येणारच. पण पोरांच्या खेळावरचा पैसा वाया जातो असं मी मानत नाही. राज्यात नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत, पोलीस भरतीला पळणारं पोरगं पुढं राहतं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला वावराच्या बाहेर पडायचा हा एक इमानदार रस्ता आहे. आपण मागायचं ते हे की पैसा अहमदाबादेतच थांबू नये. बऱ्याच तालुक्यात संकुल बांधून कुलूप लावून ठेवलंय, आत गाजरगवत. ग्रामसभेत ठराव घ्या, आमदाराला पत्र द्या, किल्ली मागा. 2030 चं नाव घेऊन मागितलं तर आत्ता ऐकतील, नंतर नाही ऐकणार.

पाह्यले जायचं असंन त कसं जायचं?

हावडा-अहमदाबाद गाडी नागपूर, बडनेरा, अकोल्यावरूनच जाते, प्रेरणा एक्सप्रेस पण आहे. तिकीट अधिकृत विक्री सुरू झाल्यावरच घ्या, आतापासून कोणी पास देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि पोरांना नेणार असाल तर फायनलच्या रात्रीपेक्षा सकाळच्या हीट्सना, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांना, न्या. गर्दी कमी असते, जवळ बसता येतं, खेळाडू वॉर्मअप कसा करतात, सुरुवातीला पाय टेकवायचा ब्लॉक पायाने मोजून कसा लावतात, हरल्यावर लगेच बूट काढून पुढच्या रेसचं कसं पाहतात हे सगळं पोरांना तिथं दिसतं.